गोळीबार चौकातले विणकर फोटो काढू देत नाहीत. माझं काय चुकतंय?

रविवारचा_फिरस्ता

नमस्कार मंडळी. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी नागपूरला मिहानमध्ये नोकरी करतो, राहायला मनीषनगरला. दोन वर्षं झाली फोटो काढतोय. सेकंडहँड निकॉन डी-750 आणि 35 एमएमची एकच लेन्स. आतापर्यंत मारबत काढली, तान्हा पोळा काढला, दीक्षाभूमीवरची गर्दी काढली. मारबतीच्या मिरवणुकीत तर लोकच दंड धरून ओढतात, 'भाऊ, माझा काढ ना बे'. त्यामुळे माझा समज झाला की आपल्याला माणसं जमतात.

यंदा ठरवलं, वर्षभर एकच विषय धरायचा. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्ल्यांत काही घरांत अजून हातमाग चालतात. म्हटलं तेच करू.

पहिल्या रविवारी आवाजाच्या मागावर गेलो. खटक-खटक, खटक-खटक. एका दारातून वाकून कॅमेरा डोळ्याला लावला आणि आवाज बंद. आतल्या म्हाताऱ्या बाबांनी धोटा (आडवा धागा नेणारी लाकडी नळी) बाजूला ठेवला, मागाखालच्या खड्ड्यातून पाय वर घेतले आणि एक शब्द न बोलता मागच्या खोलीत गेले. मी पाच मिनिटं त्या रिकाम्या मागाकडे बघत उभा. फोटो काढला नाही, एवढं बरं केलं.

दुसऱ्या रविवारी संत्रा बर्फी घेऊन गेलो. आजीनं डबा घेतला, मला माठातलं पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं. बर्फी गेली, दारही गेलं.

तिसऱ्या रविवारी कॅमेरा बॅगेतच ठेवला, म्हटलं आधी बोलू. ओट्यावर साठीचे एक काका बसले होते. 'कोन्या हापिसातून आले जी?' मी म्हटलं, कुठल्याच नाही, छंद आहे. 'छंद!' म्हणून त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी बोललो, 'काका, तुम्ही कोष्टी ना? मी वाचलंय तुमच्या समाजाबद्दल.'

त्यानंतर ओट्यावर जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. काका उठले, चपला घातल्या, गेले. शेजारचा म्हणाला, 'तुमी जा आता.'

तर विचारायचं हे: अशा ठिकाणी विश्वास मिळवतात कसा? पैसे द्यावेत का? कागदावर सही घ्यावी का? की कुणी ओळखीचा माणूस मध्ये घालावा? आणि त्या दिवशी मी असं काय बोललो?

गेट_नंबर_दोन

भाऊ, एवढं काय टेन्शन घेतो. 70-200 ची लांब लेन्स घे, समोरच्या गच्चीवर बस, लांबून काढ. कोणाला कळत नाही, एक्स्प्रेशन पण नॅचरल येतात. मी पेंचला 150-600 लावतो, वाघानं आजपर्यंत तक्रार केली नाही.

बडकस_चौक_स्टुडिओ

वाघ पेपर वाचत नाही, म्हणून तक्रार करत नाही. आणि गोळीबार चौकात जिप्सीतून फिरायची सोय अजून झालेली नाही. गच्चीवरून दुसऱ्याच्या घरात लेन्स लावणाऱ्याला आमच्या महालात काय म्हणतात ते इथं लिहिलं तर माझं खातं बंद होईल.

बाबू, तुझ्या प्रश्नाला जरा निवांत उत्तर देतो. आता मुलगा स्टुडिओ बघतो, मला वेळच वेळ आहे. लग्नं, बारसी, पासपोर्ट फोटो यात माझी पस्तीस वर्षं गेली. मधली काही वर्षं पेपरांनाही फोटो विकले. तेव्हाची गोष्ट आधी ऐक, कारण तुझ्यासारखाच मलाही माणसं जमतात असा समज होता.

फेब्रुवारीचे दिवस. मृग बहाराची संत्री जोरात. स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटमध्ये सकाळी आठला गेलो. एक हमाल संत्र्यांच्या ढिगाला पाठ लावून झोपलेला. अंगावर उन्हाचा पट्टा, चारही बाजूंनी नुसता नारिंगी रंग. मी चार फ्रेम काढल्या. त्याला उठवलं नाही. उठवलं असतं तर फोटो गेला असता ना! दोन दिवसांनी एका पेपरात छापून आला. खाली कुणीतरी ओळ टाकली होती, 'गोड संत्री, गोड झोप'. मी कात्रण पाकिटात घालून मिरवलं.

दीड-दोन महिन्यांनी त्याच बाजारात एक माणूस समोर आला. 'तुमीच काढला होता न थो फोटो?' मला वाटलं, प्रिंट मागतोय. तो म्हणाला, 'रातभर दोन गाड्या खाली केल्या होत्या साहेब. शेटनं पेपर पाह्यला अन् म्हने, तू झोपाचे पैसे घेतं का? मंग दुसऱ्या आडतीवर गेलो.' चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

फोटोत खोटं काहीच नव्हतं. तो झोपलाच होता. पण रात्रीच्या दोन गाड्या माझ्या फ्रेममध्ये नव्हत्या आणि मी त्याला विचारलं असतं तर त्या निदान फोटोखालच्या ओळीत तरी आल्या असत्या. त्या दिवसापासून एक केलं. ज्याचा फोटो त्याला प्रिंट, आणि प्रिंटच्या मागे स्टुडिओचा शिक्का, फोन नंबरासकट. लोकांना वाटतं जाहिरात आहे. ती त्यांच्यासाठी आहे. उद्या वाटलं की हा फोटो नको, तर मला शोधायला त्यांना बाजारात फिरावं लागू नये.

जपानमध्ये मिनामाता म्हणून गाव आहे. कारखान्यानं समुद्रात पारा सोडला, मासे खाऊन माणसं लुळी झाली, लेकरं आईच्या पोटातूनच अधू होऊन आली. युजीन स्मिथ हा अमेरिकन फोटोग्राफर बायकोला, आयलीनला, घेऊन 1971 मध्ये तिथं गेला आणि तीन वर्षं राहिला. हॉटेलात नव्हे, त्याच लोकांत भाड्याच्या घरात. तोमोको नावाच्या मुलीला आई न्हाऊ घालते आहे, हा त्याचा फोटो आईबापांच्या संमतीनं काढलेला. जगभर गेला, लोकांना मिनामाता कळलं ते त्या फोटोमुळे. 1977 मध्ये मुलगी वारली, पुढच्याच वर्षी स्मिथही गेला. फोटो मात्र छापला जातच राहिला. शेवटी आईबापांना वाटलं, पुरे, आता पोरीला विसावा द्यावा. 1998 मध्ये आयलीननं ठरवलं की हा फोटो यापुढे नव्यानं छापायला द्यायचा नाही. एवढ्या मोठ्या फोटोचं असं होऊ शकतं, तर तू आणि मी कोण? हो म्हणणाऱ्याला पंचवीस वर्षांनी नाही म्हणता आलं पाहिजे.

आता तुझं काम. सगळ्यात आधी, तू उभा होतास. खड्डा मागावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून हात-दीड हातावर असते, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे मागाच्या पेडलवर. दारात उभा राहून कॅमेरा लावलास की तू त्याच्या टाळूचा फोटो काढतोस, आणि त्याला तू दिसतोस तो जप्तीला आलेल्या माणसासारखा. जमिनीवर बस. फरशी असो, शेणानं सारवलेलं असो, बस. फोटोसुद्धा तिथूनच बरा येतो. कवेलूच्या फटीतून नाहीतर एकुलत्या खिडकीतून येणारा उजेड ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर पडतो, तो उभ्या माणसाला दिसतच नाही. फ्लॅश तर काढूच नको.

दुसरं, त्याचं काम थांबवू नको. विणकराला मजुरी मिळते ती विणलेल्या मालावर, तासावर नाही. 'बाबा, जरा इकडे बघा, आता तसंच पुन्हा करा' यात अर्धा तास गेला तर तेवढं कापड तू त्याच्या मागावरून कापून नेलंस. पैसे द्यावेत का, याचं माझं उत्तर त्यातच आहे. फोटोचे देऊ नको, त्याची चटक लागते आणि मग लोक तुला हवं तसं तोंड करून दाखवतात. पण वेळ खाल्लास तर वेळेचे दे आणि तसं तोंडानं सांग.

सहीचं म्हणशील तर या वस्त्यांत कोऱ्या जागेवर सही म्हणजे काय ते लोक भोगून बसलेत. पहिल्याच भेटीत कागद काढलास तर बर्फीचा डबासुद्धा परत येईल. जाहिरातीला किंवा विकायला फोटो देणार असशील तर लेखी हवंच. एरवी मोबाइलवर फोटो दाखव, कुठं लावणार ते त्यांच्या शब्दांत सांग, आणि वहीत लिहून ठेव की कुणाला काय सांगितलं. वही त्यांच्यासमोर लिही.

कोष्टी म्हटल्यावर शांतता का झाली, याचा मला अंदाज आहे. पण ते माझ्या तोंडून बरं नाही. त्या भागातलं कुणी इथं असेल तर बोलावं.

कांडीवाली

मी त्या भागातली. गल्ली सांगत नाही, दादा.

माझा आजा वयाच्या अकराव्या वर्षापासून मागावर. आजी आणि आई कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायच्या, मी शाळेतून आले की मीही. त्यामुळे तुम्ही बॅग घेऊन कोणत्या उजेडात कुठल्या दारात वाकला असाल ते मला बसल्या जागी दिसतं. तुम्ही पहिले नाही. दरवर्षी थंडीत कुणीतरी येतं. एकदा कॉलेजचा पूर्ण ग्रुप आला होता. त्यांनी आज्याला बनियन काढायला लावलं, 'बाबा, उदास बघा' म्हणाले. कूलर, प्लॅस्टिकची खुर्ची आणि टीव्ही फ्रेममधून बाहेर सरकवले. टीव्ही आज्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेला, त्याला लई राग आला. मग वर्षभरानं माझ्या मैत्रिणीला फेसबुकवर तो फोटो दिसला, खाली लिहिलेलं, 'मरणासन्न कलेचा अखेरचा श्वास'. आम्ही आज्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'मले तं दुपारची झोप आली होती.' प्रिंट मात्र कुणी आणून दिली नाही. आज्याचा घरातला एकच फोटो आहे, रेशनकार्डावरचा, त्यात तो चोरासारखा दिसतो.

हे झालं हसण्यावारी. आता ते कोष्टी.

आमच्याकडे लोक हलबा या आदिवासी जमातीचे म्हणून दाखले काढत आले. 28 नोव्हेंबर 2000 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की हलबा-कोष्टी म्हणजे अनुसूचित जमातीतले हलबा नव्हेत. त्या दाखल्यांवर तोपर्यंत पक्क्या झालेल्या नोकऱ्यांना तेव्हा संरक्षण मिळालं. 2017 मध्ये पुन्हा निकाल आला की दाखला अवैध तर नोकरीही टिकत नाही. 2019 संपता संपता सरकारनं अशा लोकांना अधिसंख्य, म्हणजे जादा धरलेल्या तात्पुरत्या पदांवर टाकलं. माझा काका त्यातलाच. आधी पक्की नोकरी, नंतर अकरा-अकरा महिन्यांची. निकाल बरोबर की चूक यावर इथं भांडायला मी आले नाही. दोन्हीकडची माणसं नागपुरातच राहतात.

पण जात पडताळणीत काय होतं ते तुम्हाला माहीत नसणार. दक्षता पथक घरी येतं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय, धंदा कोणता, देव कोणते, लग्नात काय करता, सगळं विचारतात आणि लिहून नेतात. आमच्या घरी आले तेव्हा त्यांच्याकडेही वही होती आणि तेही फार गोड बोलत होते. आता तुम्ही सांगा, खांद्याला बॅग लावलेला अनोळखी माणूस येतो, म्हणतो कुठल्याच ऑफिसातून नाही, आणि तिसऱ्या वाक्याला विचारतो, तुम्ही कोष्टी ना? ते काका उठून गेले, यात मला नवल वाटत नाही. तुम्हाला पाणी मिळालं याचंच वाटतं.

माझा काका सुट्टीच्या दिवशी अजून मागावर बसतो. त्याला आवडतं, हात चालू राहतात म्हणतो. पण मागावर बसलेला त्याचा फोटो आम्ही घरच्यांनीही कधी काढला नाही. कुणी सांगितलं नाही असं करू नका म्हणून. नाही काढला, एवढंच.

खडू_आणि_डस्टर

फोटोग्राफी शिकवतो, म्हणून एक भर. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, नाव विचारा. 1936 मध्ये डोरोथिया लँगनं कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. लँगनं तिचं नावच विचारलं नव्हतं. टिपणात लिहिलं की यांनी गाडीची टायरं विकून पोट भरलं. घरच्यांनी पुढं सांगितलं, असं काही झालंच नव्हतं. ती बाई, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला नावानं कळली 1978 मध्ये. फोटो तोवर जगप्रसिद्ध, तिला त्यातून पैसा मिळालेला नाही, आणि तिला त्याचा रागच होता. तेव्हा नाव, गाव, पूर्ण माहिती हवीच. त्याशिवाय माणूस नुसता नमुना होतो.

कांडीवाली

सर, तुमचं पटतं. पण आमच्याकडे पूर्ण नावच तर अडचणीचं आहे. आडनाव, गल्ली आणि माग एका फोटोखाली आले की तो फोटो राहत नाही, पुरावा होतो.

खडू_आणि_डस्टर

खरं आहे. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग काय लिहायचं?

बडकस_चौक_स्टुडिओ

ते सांगतील तेवढं. कुणी म्हणेल नुसतं पहिलं नाव टाक, कुणी म्हणेल हातच दाखव, कुणी छातीठोक पूर्ण नाव सांगेल. सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो नीट बघ बाबू. गटारात उतरलेला माणूस दिसतो तसा घरात पोरांसोबत बसलेलाही दिसतो. एका रविवारात होणारं काम नाही ते. टीव्ही बाहेर सरकवणाऱ्याला तर कधीच नाही जमणार.

पोरी, आज्याचा फोटो मी काढून देतो. पैसे नाही. टीव्हीसकट.

गेट_नंबर_दोन

गच्चीचं मागे घेतो. माहीत नव्हतं.

रविवारचा_फिरस्ता

सगळ्यांना धन्यवाद म्हणायचं राहून गेलं होतं. कांडीवाली ताई, तुमचं वाचून दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. मी 'वाचलंय तुमच्या समाजाबद्दल' असं म्हणालो होतो. मी एक लेख वाचला होता, साड्यांवरचा.

आज सहा आठवड्यांनी लिहितोय.

बॅग न घेता गेलो. ओट्यावरच्या काकांना म्हटलं, त्या दिवशी नको ते विचारलं, चुकलं. ते म्हणाले, 'हो, चुकलंच.' पुढं काही नाही. पण बसू दिलं. पुढचे तीन रविवार नुसता बसलो. बर्फीवाल्या आजीकडे कांड्या भरायला बसलो तर रहाट फिरवताना धागा इतक्यांदा तोडला की ती म्हणाली, 'राहू दे बावा, तू कॉम्प्युटरच चालव.' सूत वाया गेलं त्याचे पैसे देऊ केले. घेतले. किती ते तिनंच सांगितलं.

चौथ्या रविवारी तिनंच विचारलं, 'तुयाजवळ थो कॅमेरा होता न?' श्रावणबाळ पेन्शनच्या कागदांसाठी पासपोर्ट फोटो हवा होता. पांढऱ्या भिंतीसाठी शेजारच्यांची नवी चादर धरायला दोन पोरं उभी केली. आजीनं आधी तोंड धुतलं, मग पावडर लावली, मग पुन्हा धुतलं. आठ प्रती काढून नेऊन दिल्या. आता गल्लीत माझं नाव 'पासपोर्टवाला'. त्यानंतर आणखी अकरा जणांचे पासपोर्ट झाले, एका बकरीचा पण, पोरांच्या हट्टासाठी.

ज्या बाबांनी पहिल्या दिवशी धोटा ठेवला होता, ते आता मी आलो तरी विणणं थांबवत नाहीत. मी खाली बसतो. स्टुडिओवाले काका, उजेडाचं तुम्ही म्हणालात ते खरंय, साडेदहाच्या सुमारास ताण्यावर येतो आणि वीस मिनिटांत जातो. अजून एकही फोटो काढलेला नाही तिथं. मागच्या रविवारी बाबा मान वर न करता म्हणाले, 'तोंड नोको घेऊ. हात घे. पुढच्या बारीनं.' वहीत लिहिलंय, त्यांच्यासमोर.

एक विचारायचं होतं. हातांचा फोटो त्यांना 8 बाय 12 मध्ये द्यायचा विचार आहे. मॅट कागद की ग्लॉसी?

बडकस_चौक_स्टुडिओ

ग्लॉसी. मॅट दिला की लोक बोटानं पुसून बघतात, धूळ बसली का म्हणून. आणि मागे नंबर लिहायला विसरू नको.

कांडीवाली

आज्याचा फोटो झाला. टीव्ही चालू ठेवूनच बसला. क्रिकेट लागलं होतं, म्हणून कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. घरात सगळ्यांना तोच आवडला.